तीनदा अलाइनमेंट करूनही स्टेअरिंग डावीकडे तिरकं? मागचं ॲक्सल मोजा आधी

तुम्ही विचारलंय की २००९ ची स्विफ्ट डिझेल आहे, तीन वेळा अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) केली तरी सरळ रस्त्यावर स्टेअरिंग थोडं डावीकडेच राहतंय, मागची दोन्ही टायरं आतून खातायत, डावं जास्त, आणि आता गॅरेजवाला म्हणतोय अख्खं मागचं बीम (मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा भाग, म्हणजेच मागचं ॲक्सल) बदला. तर मालक, बीमला एवढ्यात हात लावू देऊ नका. माझी पण हीच गाडी, २००८ ची, इथं सोलापुरातच, आणि मी पण तीनदा पैसे घालवूनच शिकलोय.

माझं काय झालेलं ते सांगतो आधी. तुळजापूरहून रात्री येताना मागचं डावं चाक खड्ड्यात जोरात आपटलं, दुसऱ्या दिवसापासून स्टेअरिंग तिरकं. एका दुकानात गेलो, त्यांनी पुढच्या दोन चाकांना सेन्सर लावले, टाय रॉड (पुढच्या चाकांची दिशा ठरवणारे दांडे) फिरवले, झालं म्हणाले. बाहेर पडून होटगी रोडला लागलो तर परत तसंच. असं तीन वेळा. मागच्या चाकांना कुणी हातच लावला नाही, कारण "मागचं ॲडजस्ट होत नाही" एवढंच उत्तर. ॲडजस्ट होत नाही हे खरंय, स्विफ्टला मागे टॉर्शन बीम आहे, टो (चाक पुढून आत की बाहेर बघतंय) आणि कॅम्बर (चाक वरून आत की बाहेर झुकलंय) बदलायचा बोल्टच दिलेला नाही, पण ॲडजस्ट होत नाही म्हणजे बिघडत नाही असं कुठंय?

गाडी कुठं जाणार हे मागची चाकं ठरवतात. ती दोन्ही जरा डावीकडे बघत असतील तर गाडीचा मागचा भाग डावीकडे सरकायला बघतो, तोंड उजवीकडे वळतं, आणि सरळ जायला तुम्हाला स्टेअरिंग डावीकडे धरावं लागतं. म्हणजे पुढची चाकं मागच्यांना समांतर होतात आणि गाडी खेकड्यासारखी जरा तिरकी पळते. आमच्या घरी चादरीचे माग होते, कापड तिरकं यायला लागलं की वडील पुढं न बघता आधी मागच्या बाजूला जाऊन ताण्याचं बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) सरळ बसलंय का बघायचे. मला ते फार उशिरा आठवलं.

मग मी स्वतः मोजलं, आणि तुम्ही पण मोजा, एक रविवार सकाळ पुरते. सपाट जागा पाहिजे, मी शेजारच्या मागाच्या शेडमधल्या शहाबादी फरशीवर केलं. चारी टायरमध्ये हवा बरोबर भरा, डिकी रिकामी करा, स्टेअरिंग सरळ करून बांधा. गाडी दोन हात पुढंमागं ढकलून सस्पेन्शन सैल होऊ द्या, जॅकवरून उतरवून लगेच मोजलं तर आकडे खोटे येतात. मग गवंड्याचा ओळंबा घ्या, चारी चाकांच्या मधोमध सोडून फरशीवर खुणा करा आणि डाव्या-उजव्या बाजूचं पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर मोजा. कंपनीचा आकडा २३९० मिमी आहे, पण तो तंतोतंत जुळला नाही तरी चालेल, दोन्ही बाजू सारख्या येतायत का ते महत्त्वाचं. माझ्या डावीकडे ६ मिमी जास्त आलं.

त्यानंतर नायलॉनची दोरी. दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर, गाडीला समांतर ताणायची. पुढच्या हबपासून (चाकाच्या मधल्या भागापासून) डावं-उजवं अंतर सारखं, मागच्या हबपासून पण डावं-उजवं सारखं. पुढचं आणि मागचं एकमेकांशी सारखं करू नका, पुढच्या आणि मागच्या दोन चाकांमधली रुंदी वेगळी असते, इथं लै जण चुकतात. आता मागच्या रिमच्या पुढच्या कडेपासून आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर घ्या. पुढची कड दोरीच्या जवळ असेल तर चाक बाहेर बघतंय म्हणजे टो-आउट, लांब असेल तर टो-इन. एकदा मोजून झालं की चाकाचा अर्धा फेरा होईल एवढी गाडी ढकला आणि परत मोजा, दोन्हीची सरासरी धरा, नाहीतर रिम वाकडं असेल तर तुम्ही ॲक्सलला दोष देत बसाल. १४ इंची रिम कडेपासून कडेपर्यंत साधारण ३८ सेंमी भरतं, त्यावर १ मिमी फरक म्हणजे ०.१५ अंश.

माझं डावं चाक दीड मिमी टो-आउट आणि उजवं दीड मिमी टो-इन, म्हणजे दोन्ही एकाच दिशेला, डावीकडे. दोन चाकं एकमेकांना समांतरच होती, अख्खं ॲक्सलच ०.२३ अंश फिरलेलं. ऐकायला काहीच नाही, पण स्टेअरिंगचं गुणोत्तर साधारण १६ धरा (चाक १ अंश वळायला स्टेअरिंग १६ अंश), तिथं ते साडेतीन-चार अंश होतं, डोळ्याला खटकतं. कारण निघालं डावीकडचं बीमचं बुश, म्हणजे बीम गाडीला जोडतात तिथला रबरी भाग. रबर फाटून बीमचं ते टोक मागं सरकलेलं. दोन्ही बुश बदलले आणि विषय संपला.

पण तुमचं दुखणं माझ्यासारखं नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. नुसतं ॲक्सल फिरलेलं असेल तर मागची टायरं फारशी घासत नाहीत, ती समांतरच पळत असतात, माझी चांगली होती. तुमची दोन्ही आतून खातायत म्हणजे दोन चाकांमध्ये मिळून टो-आउट आहे, आणि डावं जास्त खातंय म्हणजे तिथं कॅम्बर पण बिघडलेला असणार. माझा अंदाज, डावं एकटंच वाकडं बघतंय. टायरवर हात फिरवा, करवतीसारखे दात लागले तर टो, एकच कड गुळगुळीत झिजली असेल तर कॅम्बर, मध्येमध्ये खळगे असतील तर शॉकअप. कॅम्बर पण ओळंब्यानेच बघता येतो, रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेतला फरक मोजा, साडेसहा मिमी म्हणजे साधारण १ अंश, दोन्ही बाजूंची तुलना करा.

आकडे तसेच आले तर आधी स्वस्तातलं बघा. चाक उचलून, स्टँड लावून (नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच जायचं नाही), वरून-खालून धरून हलवा, खेळ असेल तर बेअरिंग. रिम फिरवून वाकडं आहे का बघा. मग स्टब ॲक्सल, म्हणजे ज्यावर हब फिरतं तो दांडा. बऱ्याच टॉर्शन बीम गाड्यांमध्ये तो बीमला चार बोल्टने बसवलेला असतो, तुमच्या गाडीत तसा असेल तर खड्ड्यात वाकलेला तेवढाच बदलता येतो. थोडाच फरक असेल तर स्टब आणि बीमच्या मध्ये पाचरीसारखी शिम (पातळ चकती) बसते, पण ती पूर्ण तोंडाची, त्याच कामासाठी बनवलेली घ्या. कुणी वॉशर घालून देतो म्हणालं तर नको म्हणा, बोल्टवर तिरका ताण येतो. आणि बीमचा हातच वाकलेला निघाला तर मात्र बीम बदलावंच लागेल, तेव्हा गॅरेजवाला बरोबर आहे. गॅस लावून तापवून सरळ करू देऊ नका, त्या पोलादाची ताकद जाते आणि त्यावर घरची माणसं बसतात.

बुश पण बघून घ्या, आपल्याकडचं ऊन रबराला सोडत नाही. खाली कुणाला तरी पिटमध्ये उभं करा, गाडी जरा पुढं-मागं घेऊन ब्रेक मारा, बीम जागेवरून सरकताना दिसलं की बुश गेलं. बदललं तर जोडीनेच, काढायच्या आधी जुन्याची दिशा खूण करून ठेवा कारण रबरातल्या खाचा ठराविक बाजूलाच बसायला पाहिजेत, हातोड्याने ठोकून नाही तर प्रेसवर बसवा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडी हवेत लटकलेली असतानाच बुशचा बोल्ट पक्का आवळतात. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन खाली, मग आवळायचा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत परत फाटतं.

हे सगळं झाल्यावरच अलाइनमेंट, आणि तीही चारी चाकांना सेन्सर लावणाऱ्या दुकानात. मशीनवर थ्रस्ट अँगल नावाचा आकडा असतो (मागची चाकं मिळून गाडीच्या मधल्या रेषेपासून किती तिरकी बघतात), तो आधीचा आणि नंतरचा छापून मागा. मागचं ठीक झाल्यावर पुढचं त्या रेषेला जुळवतात, तेव्हा स्टेअरिंग सरळ येतं. हैदराबाद हायवेला टेस्ट घेताना लक्षात ठेवा, रस्त्याचा उतार डावीकडे असतो, हात सोडल्यावर गाडी हळूच डावीकडे गेली तर तो दोष नाही, स्टेअरिंग सरळ आहे का तेवढं बघा. पाचशे किमी झाल्यावर उघडलेले सगळे बोल्ट एकदा परत टॉर्क रेंचने (ठराविक जोर मोजून आवळणारा पाना) तपासून घ्या. मोजल्यावर डाव्या-उजव्याचे आकडे कळवा, बीमवर खर्च करायचा का ते त्यावरून सांगतो.