वाचक विचारतात : पाय बघा, हात नंतर

प्रश्न : वय झालेला पण जबर ठोशाचा बॉक्सर तरुणाविरुद्ध उतरला, की टीव्हीवर नेमकं काय बघावं?

उत्तर : पाय. वयाबरोबर आधी पाय जातात, मग हाताचा वेग. ठोशातला जोर सगळ्यात शेवटी. नोव्हेंबर १९९४ ची लास व्हेगासची लढत घ्या. जॉर्ज फोरमन ४५ वर्षांचा, मायकेल मूरर २६ चा आणि डावखुरा. डावखुऱ्यानं आपला उजवा पाय समोरच्याच्या डाव्या पायाबाहेर ठेवून स्वतःच्या उजवीकडे सरकायचं असतं. म्हणजे समोरच्याचा उजवा हात लांब पडतो. मूरर गुणांवर पुढे होता, पण समोरच उभा राहिला. दहाव्या फेरीत फोरमनचा डावा, लगेच उजवा, थेट हनुवटीवर! मूरर बाद, गुणफलक तिथेच निकामी.