नवीन वासरे पाळताना: वाढीबद्दल सुरुवातीला एवढे समजून घ्या

मुरबाडला गोठा सुरू करताना तुम्ही आधी वासरांच्या वाढीविषयी विचारलेत, हे फार चांगले केलेत. वासराच्या स्नायूतंतूंची संख्या जन्माआधीच जवळजवळ ठरलेली असते. पुढे वाढते ती त्यांची जाडी आणि लांबी, म्हणून गाभण गाईची आबाळ झाल्यास ती उणीव नंतरच्या पेंडीने पूर्ण भरून निघत नाही.

बहुतेक नवशिके चुकतात ते चयापचयाच्या बाबतीत. जन्मतः कोटीपोट (रवंथ करणाऱ्या गुरांचे चारा आंबवणारे मोठे पोट) काम करत नसते, त्यामुळे ऊर्जा मिळते ती दुधातील साखर आणि स्निग्धांशातूनच. काफ स्टार्टर (लहान वासरांचे दाणेदार खाद्य) तिथे आंबून तयार होणाऱ्या आम्लांनी कोटीपोटाचे अस्तर वाढते आणि हळूहळू तीच आम्ले ऊर्जेचा मुख्य स्रोत बनतात. म्हणून:

- जन्मानंतर पहिल्या दोन तासांत चीक पाजा.
- दुसऱ्या आठवड्यापासून दूध पिऊन झाल्यावर चिमूटभर स्टार्टर ओल्या नाकपुडीखाली लावा, वासरू जिभेने चाटून घेते. स्वच्छ पाणीही ठेवा.
- वासरू गवत चघळू लागले म्हणजे कोटीपोट तयार झाले असे नाही; एवढ्यावरून दूध तोडू नका.

 वाढ नीट होते आहे का हे कळण्यासाठी दर पंधरवड्याला वासराच्या छातीचा घेर टेपने मोजून वहीत नोंदवा.