वाचकांचे प्रश्न : वीज आली, पण सर्व्हर सुरू झाला नाही

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवरील टाकीची पातळी सभासदांना मोबाइलवर दिसावी, म्हणून मी रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर पायथनमध्ये छोटा सर्व्हर लिहिला आहे. तो १९२.१६८.१.५० या पत्त्यावर चालतो आणि मशीन सुरू होताच चालू व्हावा म्हणून क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या 'क्रॉन'च्या यादीत) 'अ‍ॅट रीबूट'ची ओळ घातली आहे. मी रीबूट केले की तो दर वेळी सुरू होतो. वीज जाऊन आली की मात्र बहुतेक वेळा बंदच राहतो. गेल्या गुरुवारी जुनाच आकडा पाहून पंप चालू ठेवला गेला आणि अर्धा तास टाकी वाहत राहिली. काय चुकते आहे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपण रीबूट करता तेव्हा फक्त पाय बंद होऊन सुरू होतो, वीज जाते तेव्हा त्याच्याबरोबर राउटरही बंद पडतो. सगळा घोळ या फरकात असावा. वीज आल्यावर पाय लवकर तयार होतो, राउटरला मात्र वाय-फाय सुरू करायला अधिक वेळ लागतो. तेवढ्या अवधीत पायकडे १९२.१६८.१.५० हा पत्ताच नसतो आणि मशीनकडे नसलेला पत्ता मागणारा सर्व्हर त्रुटी दाखवून तिथेच संपतो. क्रॉन त्याला एकदा सुरू करतो; पुढे तो चालला की पडला, हे पाहत नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती प्रोग्रॅममध्येच करा. ठरावीक पत्त्याऐवजी ०.०.०.० लिहा, म्हणजे मशीनला नंतर जो पत्ता मिळेल त्यावर सर्व्हर उत्तर देईल.

दुसरे म्हणजे क्रॉनमधील ती ओळ काढून टाका, नाहीतर एकाच पोर्टसाठी दोन प्रती भांडतील, आणि काम सिस्टिमडीकडे, म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या व सांभाळणाऱ्या व्यवस्थेकडे, सोपवा. डेबियन या लिनक्स प्रणालीने २०१५ मधील आठव्या आवृत्तीपासून ती स्वीकारली असून पायची प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. 'ईटीसी'तील 'सिस्टिमडी'मधील 'सिस्टिम' या फोल्डरात '.सर्व्हिस'ने संपणाऱ्या नावाची फाइल तयार करा. (येथील सूचना फाइलमध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने लिहाव्यात.) आपण टर्मिनलवर प्रोग्रॅम चालवतो तेव्हा तो आपले लॉगइन आणि आपण उभे असलेला फोल्डर नकळत वापरत असतो, बूटच्या वेळी यातले काहीच नसते, म्हणून सगळे स्पष्ट सांगावे लागते. 'युजर'मध्ये आपले लॉगइन नाव, 'वर्किंगडिरेक्टरी'मध्ये प्रोग्रॅमचा फोल्डर आणि 'एक्झेकस्टार्ट'मध्ये पायथन व प्रोग्रॅम या दोन्हींचे पूर्ण मार्ग द्या. लायब्ररी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोग्रॅमसाठी वेगळ्या ठेवलेल्या पायथनच्या फोल्डरात) बसवल्या असतील, तर पायथनचा मार्गही त्याच्या आतलाच हवा.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'रीस्टार्ट'पुढे 'ऑलवेज' लिहिले की पडलेला सर्व्हर पुन्हा उभा केला जातो. पण एरवी दोन प्रयत्नांत जेमतेम १०० मिलिसेकंदांचे अंतर असते आणि १० सेकंदांत पाच प्रयत्न फसले की सिस्टिमडी नाद सोडून देते. म्हणून 'रीस्टार्टसेक'पुढे १० लिहा. मग ती मर्यादा कधी गाठलीच जात नाही आणि राउटर उशिरा आला तरी बिघडत नाही. नेटवर्कची वाट पाहण्यासाठी 'नेटवर्क-ऑनलाइन' टार्गेट (बूटमधील ठरलेला टप्पा) घालण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण ते वाट पाहणेही ठरावीक वेळेनंतर संपते. त्यामुळे भिस्त पुन्हा सुरू करण्यावरच ठेवावी.

'इन्स्टॉल' विभागात 'वॉन्टेडबाय'पुढे 'मल्टी-युजर टार्गेट' लिहायला विसरू नका. मग सिस्टिमसीटीएल या सिस्टिमडीच्या आज्ञेने आधी 'डीमन-रीलोड' आणि नंतर 'इनेबल' व 'स्टार्ट' करा. स्टेटसमध्ये २०३ दिसला, तर 'एक्झेकस्टार्ट'मधील मार्ग चुकला आहे किंवा ती फाइल चालवण्याची परवानगी नाही. २१७ दिसला, तर युजरचे नाव तपासा. बाकी तक्रारी जर्नलसीटीएल या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेने वाचता येतील. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही, त्यामुळे इंटरनेट येईपर्यंतच्या नोंदींवरील वेळेवर विसंबू नका, आणि मोबाइलवर आकड्याशेजारी तो कधी मोजला हेही दाखवा, म्हणजे शिळा आकडा ओळखू येईल.

चाचणी रीबूटने करू नका. चालू पायची वीज तोडली तर मेमरी कार्ड बिघडू शकते, म्हणून आधी तो रीतसर शटडाउन करा, मग राउटरचेही बटण बंद करा, मिनिटभर थांबा आणि दोन्ही एकाच वेळी चालू करून मोबाइलवर पातळी दिसते का ते पाहा.