घरात ना पियानो, ना चर्च, मग लेक क्वायरसाठी कशी लिहिणार?

सातपूरहून एका ताईंचं पत्र आलंय. मिस्टर एमआयडीसीत, त्या स्वतः घरी शिलाई करतात, मुलगी बारावी आर्ट्सला. घरात वामनदादा कर्डकांची गाणी पहिल्यापासून, जयंतीला पोरगी स्टेजवर गाते, हार्मोनियमच्या परीक्षाही देतेय. मध्यंतरी यूट्यूबवर क्वायर, म्हणजे समूहात गाणारे गायक, ऐकायला लागली आणि आता चुलतभावाच्या लॅपटॉपवर चार आवाजांचं म्युझिक, म्हणजे चार गट एकाच वेळी वेगवेगळ्या चालीत गातात तसं, लिहीत बसते. ताई विचारतात, "हे इंग्लिश मीडियमवाल्यांचं, चर्चवाल्यांचं काम ना? आमच्या पोरीला कोण विचारणार? आणि पोट भरतं का त्यावर?"

ताई, आधी पोटाचंच बोलू. आपल्याकडे नुसतं क्वायरसाठी लिहून घर चालेल असं मी सांगणार नाही, ते खोटं होईल. या लाइनमधले लोक सोबत शाळेत म्युझिक शिकवतात, क्लास घेतात, जाहिरातींचं नाहीतर सिरियलचं अरेंजिंग करतात. म्हणून ग्रॅज्युएशन सोडायचं नाही, मग ते नाशिकच्या कॉलेजात करा, मुक्त विद्यापीठातून करा, नाहीतर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात म्युझिकच घेऊन करा.

आता कोण विचारणार हा प्रश्न. मुंबईचे व्हिक्टर परांजोती यांची 'द्रविडियन डिथिरॅम्ब' ही रचना परदेशातले क्वायर आजही गातात. अमेरिकेतल्या रीना इस्माईल भारतीय वंशाच्या, त्यांनी तबल्याचे बोल घेऊन 'तारेकिटा' लिहिलं, आणि ते लिहिलं लॉस एंजेलिसमध्ये बेघरपण भोगलेल्या लोकांच्या क्वायरसाठी. तिकडे आता वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या भाषांतून आलेल्या नव्या कंपोझरना मुद्दाम शोधतात, त्यांच्याकडून नवं लिहून घेतात. मग तुमची लेक जे ऐकत मोठी झाली ते लपवायचं कशाला? वामनदादा आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. शाहीर एक ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी 'जी जी रं जी' म्हणत ती उचलतात, दिंडीत टाळकरी ध्रुवपद धरतात, हे समूहाचं गाणंच आहे की! आणि चर्चचं म्हणाल तर ते दारही काही बंद नाही, मराठी चर्चमध्ये रेव्हरंड टिळकांची मराठी गाणी आजही म्हणतात, नाशिकमधल्याच शरणपूरच्या चर्चला ख्रिसमसच्या दिवसांत नुसतं ऐकायला जा, चार आवाजांत गात असतील तर ते कसे वेगळे चालतात ते तिला समोर दिसेल.

पण मेहनत आहे, आणि ती नेमकी कुठे आहे ते सांगतो. एक म्हणजे स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी, वाचता-लिहिता आलंच पाहिजे, तिथे सवलत नाही. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या थिअरीच्या ग्रेड आहेत, पाचव्या ग्रेडपर्यंत आली की पाया पक्का होतो. ही स्वरलिपी लिहायचं म्यूझस्कोर सॉफ्टवेअर फुकट आहे, महागडं काही घेऊ नका.

दुसरं, आपला राग आणि त्यांची हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर जुळवणं, हे प्रकरण. भूपाळी रागात रे वर सरळ तिसरा सूर ठेवला की मध्यम येतो आणि भूपाळी राहतच नाही, त्यापेक्षा खालच्या आवाजांनी सा-प धरून ठेवायचा आणि वरच्यांतला एक गट दुसऱ्याच्या दोन मात्रा मागून आणायचा, असे मार्ग तिला स्वतःला शोधावे लागतील आणि खरं सांगू का, मजा तिथेच आहे.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कॉम्प्युटर काहीही वाजवून दाखवतो, त्याला दम लागत नाही. माणसांना लागतो. काळी पाच पट्टीत गाणाऱ्या मुलीला आल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाच्या, अगदी तळाच्या सुरांवर ठेवलं की आवाज दबू शकतो. 'रात' शब्द वीस जण म्हणतात तेव्हा शेवटचा त प्रत्येकाचा वेगळ्या वेळी पडतो आणि टपटप ऐकू येतं, म्हणून तो कुठल्या मात्रेवर सोडायचा हे कागदावर लिहावं लागतं. हे पोरं समोर उभी करून गाऊन घेतल्याशिवाय कळत नाही, म्हणून वस्तीतली, कॉलेजातली दहा-बारा जणं गोळा करा, रविवारी समाजमंदिरात बसा, दोन-तीन मिनिटांचंच गाणं घ्या. कॉलेजच्या युवा महोत्सवात समूहगीत असतंच, तिथे तिचं स्वतःचं काहीतरी जाऊ दे. मोबाईलवर नीट रेकॉर्ड करून ठेवा, पुढे अर्ज करताना स्वरलिपीसोबत हेच मागतात.

कर्ज काढून लगेच परदेशी पाठवू नका, माझं स्पष्ट मत आहे. आधी तिच्या हातात गायलेल्या चार-पाच रचना असू देत. पदवीनंतर बघू, अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या स्कूल ऑफ म्युझिकमध्ये निवड झालेल्यांना ट्युशन फी नसते, पण निवड फार अवघड, आणि राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. त्याआधी चेन्नईला रहमान यांनी 2008 मध्ये काढलेलं केएम कॉन्झर्व्हेटरी आहे, फी जास्त आहे म्हणून स्कॉलरशिपची चौकशी आधी करा. स्पर्धांचे फॉर्म भरताना वय, नागरिकत्व आणि रचनेचे हक्क कोणाकडे राहणार हे वाचल्याशिवाय सही नको, बऱ्याच स्कीम फक्त त्या देशात राहणाऱ्यांसाठी असतात.

आणि एक राहिलं, तुम्ही लिहिलंय की ती सध्या वामनदादांच्या एका गाण्यावर काम करतेय. दादा 2004 मध्ये गेले, आपल्याकडे कवी गेल्यावर 60 वर्षं कॉपीराइट चालतो, म्हणजे घरी सरावाला ठीक आहे पण स्पर्धेला पाठवायचं किंवा छापायचं तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी लागेल. ती मिळेपर्यंत तुकोबांचा अभंग घ्या, बहिणाबाई घ्या, त्या 1951 मध्ये गेल्या, त्यांची कविता आता सगळ्यांना मोकळी आहे. पहिली रचना गाऊन झाली की रेकॉर्डिंग मला पाठवा, स्वरलिपी समोर ठेवून ऐकतो आणि सविस्तर कळवतो.