शब्दचर्चा : समांतर विश्व, प्रतिविश्व, प्रतिसृष्टी की नुसतं ‘दुसरं जग’?

प्रश्न असा आहे : कुमारवयीन वाचकांसाठी मराठीत एक रहस्यकादंबरी लिहिली जाते आहे. नायिका आपल्या जगातून दुसऱ्या, जवळजवळ तशाच जगात जाते आणि तिथे तिला तिच्यासारखीच मुलगी भेटते. ‘पॅरलल युनिव्हर्स’ला मराठीत काय म्हणावं? समांतर विश्व, प्रतिविश्व, प्रतिसृष्टी आणि समांतर ब्रह्मांड हे चारही शब्द वापरात दिसतात, मग अचूक कोणता? आणि त्या दुसऱ्या मुलीला काय म्हणायचं?

चारही शब्द बरोबर आहेत, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दुसरं जग कसं निर्माण झालं आणि तिथे गेल्यावर काय होऊ शकतं, याविषयी प्रत्येक शब्द आधीच काहीतरी सांगून ठेवतो. वैज्ञानिक लेखात ते उपयोगाचं असतं, रहस्यकादंबरीत मात्र चुकीचा शब्द निवडला तर शंभराव्या पानावरचं रहस्य दहाव्या पानावर फुटतं. म्हणून आधी कथेतलं जग कोणत्या प्रकारचं आहे ते ठरवावं आणि मग शब्द निवडावा.

‘समांतर’ म्हणजे सम + अंतर, दोहोंमध्ये सगळीकडे सारखंच अंतर असलेलं. भूमितीतल्या समांतर रेषा कितीही वाढवल्या तरी भेटत नाहीत. दोन्ही जगं मुळापासून स्वतंत्र आहेत आणि त्यांची भेट होणं हाच नियमभंग आहे, अशी कथा असेल तर हा शब्द चपखल बसतो. पण बऱ्याच कथांमध्ये जग एकच असतं आणि एका क्षणी त्याची दोन होतात. ह्यू एव्हरेट या भौतिकशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये पुंजयांत्रिकीचा (क्वांटम मेकॅनिक्सचा) जो अर्थ मांडला, त्याच्याशी या कथांचं नातं आहे. त्याची स्वतःची परिभाषा ‘सापेक्ष अवस्था’ अशी होती. ‘अनेक जगं’ हे नाव पुढे १९७०च्या दशकात ब्राइस डीविट यांच्यामुळे रूढ झालं. या कल्पनेतल्या जगांचा भूतकाळ सामायिक असतो, म्हणजे ती एका बुंध्याच्या फांद्यांसारखी असतात. काटेकोरपणे त्यांना समांतर म्हणता येत नाही. तरी मराठीत ‘समांतर’ भूमितीच्या बाहेर केव्हाच पडला आहे. समांतर सरकार, समांतर सिनेमा म्हणताना कोणी अंतर मोजत नाही, ‘शेजारीच चाललेलं, पण वेगळं’ एवढाच अर्थ घेतला जातो. त्यामुळे फांद्यांच्या जगालाही समांतर म्हणायला हरकत नाही.

खरी अडचण ‘विश्व’कडून येते. क्रीडाविश्व, साहित्यविश्व, भावविश्व या शब्दांमुळे विश्व म्हणजे ‘क्षेत्र’ किंवा ‘वर्तुळ’ असा अर्थ मराठीत पक्का झाला आहे. ‘शहराखालचं समांतर विश्व’ असं मलपृष्ठावर छापलं तर निम्मे वाचक गुन्हेगारी टोळ्यांची गोष्ट समजतील. संदर्भ लगेच देता येत नसेल तिथे ‘दुसरं’ किंवा ‘आपल्यासारखंच’ असा आधार जोडावा.

व्युत्पत्तीतही एक गंमत आहे. संस्कृतात ‘विश्व’ म्हणजे मुळात ‘सर्व’. ‘विश्वे देवाः’ म्हणजे सगळे देव. जे सर्व आहे, ते दुसरं कसं असेल? ‘ब्रह्मांड’ला ही अडचण नाही. ते अंडं आहे आणि अंडी कितीही असू शकतात. ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ म्हणताना आपण अनेक विश्वांची कल्पना सहज उच्चारत असतो. तर्काने पाहिलं तर अनेकवचनासाठी ब्रह्मांड हाच शब्द जास्त योग्य. पण पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी तो जड होतो. शिवाय ‘ब्रह्मांड आठवणे’ म्हणजे संकटात घाबरगुंडी उडणे हा वाक्प्रचार वाटेत येतो. दोन ब्रह्मांडांच्या गोष्टीत ‘तिला ब्रह्मांड आठवलं’ असं अनवधानाने आलं, तर वाचक अडखळणार. मुद्दाम श्लेष म्हणून आलं तर मात्र ते वाक्य लक्षात राहील.

आता ‘प्रति-’. हा उपसर्ग मराठीत दोन कामं करतो. प्रतिबिंब, प्रतिध्वनी, प्रतिकृती यांत तो ‘तसाच दुसरा’ असं सांगतो. नेताजी पालकरांना प्रतिशिवाजी म्हणत ते याच अर्थाने. प्रतिकार, प्रतिकूल, प्रतिजैविक यांत तो ‘विरुद्ध’ असं सांगतो. साताऱ्याच्या प्रतिसरकारात दोन्ही अर्थ एकत्र होते, ते सरकारसारखंच होतं आणि सरकारविरुद्धही होतं. ‘प्रतिविश्व’ ऐकल्यावर सामान्य वाचक पहिला अर्थ घेईल. विज्ञान वाचणारा कुमार मात्र प्रतिकण आणि प्रतिद्रव्य (अँटिमॅटर) आठवून दुसरा अर्थ घेईल. इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, पॉझिट्रॉन, १९३२ मध्ये सापडला. कण आणि प्रतिकण भेटले की दोन्ही नष्ट होतात आणि ऊर्जा उरते, हे त्याला माहीत असतं. मग नायिका पलीकडे जाऊन दाराच्या कडीला हात लावते आणि काहीच होत नाही, हे त्याला लेखकाची चूक वाटेल. स्पर्शाने नाश हाच कथेचा धोका असेल तर प्रतिविश्व वापरावं, एरवी टाळावं.

‘प्रतिसृष्टी’ हा या चौघांत सगळ्यात मुरलेला मराठी शब्द आहे. त्रिशंकूसाठी विश्वामित्राने दक्षिणेच्या आकाशात नवे सप्तर्षी आणि नवी नक्षत्रं उभी केली, त्या कथेतून तो आला. त्यात कर्ता गृहीत आहे, प्रतिसृष्टी कोणीतरी ईर्ष्येने, हट्टाने निर्माण केलेली असते. दुसरं जग कुणी माणसाने घडवलं आहे हा कथेचा शेवट असेल, तर तो शब्द शेवटपर्यंत राखून ठेवावा. एखाद्या पात्राने तो प्रथम उच्चारावा आणि नायिकेला तेवढ्यावरून उलगडा व्हावा, इतकी ताकद त्यात आहे. आणि दोन जगांच्या मध्ये लोंबकळत राहिलेल्या माणसासाठी ‘त्रिशंकू’ मराठीत तयारच आहे.

‘मल्टिव्हर्स’साठी ‘बहुविश्व’ चांगला. तो समास असल्यामुळे जोडून लिहावा. ‘समांतर विश्व’ विशेषण आणि नाम म्हणून तोडून. मुलांच्या संवादात ‘मल्टिव्हर्स’च येऊ द्यावं, कारण ती तसंच बोलतात. फक्त लेखन एकच ठेवावं : मल्टिव्हर्स, मल्टीवर्स आणि मल्टीव्हर्स अशी तीन रूपं एकाच पुस्तकात नकोत.

निवेदनासाठी माझी स्पष्ट शिफारस ‘जग’ या शब्दाची आहे. तो छोटा आहे, रोजचा आहे आणि कथेचं कोणतंही गुपित फोडत नाही. ‘समांतर विश्व’ विज्ञानाच्या शिक्षिकेच्या तोंडी, वहीच्या पानावर किंवा मलपृष्ठावर, मोजून चार-पाच वेळा यावं. बाकी ‘हे जग’ आणि ‘ते जग’ पुरे. मराठीत ‘हा’ जवळचा आणि ‘तो’ लांबचा हा भेद सर्वनामातच आहे, त्याचा उपयोग करावा. नायिका पलीकडे स्थिरावू लागली की एका प्रकरणात ‘ते जग’चं ‘हे जग’ होऊ द्यावं. कुठलंही स्पष्टीकरण न देता वाचकाला कळेल की ती परतणार नाही.

‘जग’ वापरताना अनुस्वाराकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. ‘जगात’ म्हणजे एका जगात, ‘जगांत’ म्हणजे अनेक जगांत. ‘दोन्ही जगांत तो दिवस सारखाच उजाडला’ इथे अनुस्वार हवाच. अनेकवचनी सामान्यरूपावर तो देण्याचा नियम आहे. बोलताना फरक फारसा ऐकू येत नाही, म्हणून मुद्रितशोधनात ही चूक सहज निसटते. इतर कादंबरीत ती खपून जाते, इथे कथानक बदलतं. ‘त्या जगातून आलेली माणसं’ आणि ‘त्या जगांतून आलेली माणसं’ ही दोन वेगळी रहस्यं आहेत. जगाच्या/जगांच्या, विश्वातून/विश्वांतून या जोड्याही छपाईआधी एकदा स्वतंत्रपणे शोधून तपासाव्यात.

दिशेचे शब्दही फसवे आहेत. ‘पलीकडचं जग’ चालतं, पण त्याला मृत्यूची छटा आहे. नायिकेचे वडील तिथे जिवंत असतील तर ती छटा फायद्याची. नसेल हवी तर ‘तिकडचं’ म्हणावं. ‘परलोक’ पूर्ण वर्ज्य. ‘पलीकडचं’ची जोडी म्हणून ‘अलीकडचं जग’ लिहू नये, त्याचा अर्थ ‘हल्लीचं जग’ असा होतो. तसंच जगाला ‘फाटा फुटला’ हे सुंदर आहे, वाटेला फुटतो तसा. पण ‘फाटा दिला’ म्हणजे ‘वगळलं’.

ओलांडण्याच्या क्रियेसाठी स्थलांतर, देशांतर, वेषांतर यांच्या वळणावर ‘विश्वांतर’ सहज घडवता येतो : ‘तिसऱ्या विश्वांतरानंतर तिची नखं निळी पडली.’ समांतरमधलं ‘अंतर’ म्हणजे मधली जागा आणि विश्वांतरमधलं ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरं’. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कथेच्या दोन टोकांसारखे आहेत, कोड्यासाठी कुणी वापरले तर उत्तम.

आता ती दुसरी मुलगी. समजा नायिकेचं नाव सई. ‘जुळी’ नको, कारण जुळ्यांची आई एक असते आणि इथे आयाही दोन आहेत. ‘डुप्लिकेट’मध्ये नकली मालाचा वास येतो. ‘प्रतिरूप’ ठीक, पण वैज्ञानिकाच्या टिपणापुरतं. नायिका घाबरून ‘माझं प्रतिरूप!’ असं ओरडणार नाही. ‘तोतया’ हा फार चांगला शब्द आहे, पण त्यात फसवणुकीचा हेतू आहे. दुसरी सई पहिलीच्या घरात तिच्या नावाने राहू लागली की त्या वागण्याला ‘तोतयेगिरी’ म्हणावं, आधी नाही. एरवी ‘दुसरी सई’ किंवा ‘तिकडची सई’ हेच सर्वांत जिवंत. याला जुना दाखलाही आहे. योगवासिष्ठ या संस्कृत ग्रंथात लीला राणी सरस्वतीच्या कृपेने दुसऱ्या सृष्टीत जाते. तिथे तिचा दिवंगत पती वेगळ्या नावाने राज्य करत असतो आणि त्याच्या महालात हुबेहूब तिच्यासारखी दुसरी लीला असते.

मराठीत रहस्य राखताना क्रियापदाचं लिंगही सांभाळावं लागतं. समजा नायिकेला निनावी चिठ्ठ्या येतात आणि त्या लिहिणारं तिचंच तिकडचं रूप आहे, पण तिकडे ते मुलगा म्हणून जन्मलं आहे. ‘मी आलो होतो’ या पहिल्याच वाक्यात सगळं उघड होईल, ‘मी येतो’नेही होईल. ‘मी तुला पाहिलं’, ‘मी येईन’, ‘मला माहीत आहे’ ही वाक्यं मात्र लिंग सांगत नाहीत. म्हणजे सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ, भविष्यकाळ आणि ‘मला’ने सुरू होणारी रचना एवढ्यावर चिठ्ठ्या लिहाव्यात. ‘मी पाणी प्यालो’ हे सकर्मक असूनही लिंग दाखवतं. पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे ही तशीच क्रियापदं, ती टाळावीत.

शेवटचा मुद्दा काळ-अर्थाचा. आपल्याकडे अशा कल्पनांना ‘जर-तरच्या गोष्टी’ म्हणतात आणि त्यांचं व्याकरण म्हणजे संकेतार्थ : ‘बाबा त्या गाडीत बसले नसते, तर आज इथे असते.’ पहिल्या जगात हे वाक्य दोन-तीनदा येऊ द्यावं. सई पलीकडे गेल्यावर मात्र ‘असते’ गाळून सरळ भूतकाळ लिहावा : ‘बाबा खुर्चीत बसले होते.’ तिथे ‘जणू’, ‘असावेत’, ‘वाटलं’ अशी एकही पुस्ती जोडू नये. जोडली तर वाचक ते स्वप्न समजेल.