सोलापूरहून पहिल्यांदाच एकटी हिमाचलमधल्या स्पितीला निघाले आहे. सॅक किती मोठी घेऊ आणि त्यात काय भरू?

वय एकवीस लिहिलंयस, म्हणून सरळ 'अगं' म्हणते. तुझी आई म्हणते चाकांची मोठी बॅग, मैत्रीण म्हणते 60 लिटरची सॅक. दोघींचंही ऐकू नकोस. 40 लिटर भरपूर झाली. भरलेली सॅक कुणाला हाक न मारता कर्नाटक एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर चढवता आली पाहिजे. नाही आली तर सामान काढ. एकट्या बाईचं सामान जड असलं की जागोजागी कुणीतरी 'आणा, मी उचलतो' म्हणत पुढे येतो, आणि मग कुठं चाललात, सोबत कोण, ही चौकशी सुरू. हलकी सॅक असली की ही कटकट निम्मी होते.

नेली ब्लायची गोष्ट मी येता-जाता सांगते. न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' दैनिकाची बातमीदार. जगप्रदक्षिणा मी करते म्हणाली, तर कचेरीत ऐकावं लागलं की बाईला सोबतीला माणूस लागणार, वर ट्रंकांचा ढीग. त्यापेक्षा पुरुषालाच धाडू. 14 नोव्हेंबर 1889 ला ती एकटीच निघाली. अंगावर एक ड्रेस, जाड ओव्हरकोट, हातात 16 इंची पिशवी. त्यात टोप्या, सपाता, दौत, लेखण्या, सुई-दोरा, आतले कपडे आणि कोल्ड क्रीमची एक बरणी. ही बरणी पिशवी बंदच होऊ देत नसे, असं तिनंच लिहून ठेवलंय. 72 दिवसांत बाई परत हजर! आता, तिचा खर्च पेपरनं केला होता, तुझं तसं नाही. पण सॅक भरून झाली की आपली बरणी कुठली ते शोध.

सोलापूरकरांच्या सॅकमध्ये ती बहुधा चादर असते. आपली चादर कितीही लाडकी असली तरी घरीच ठेव. तिकडे होमस्टेत रजया मिळतात. टॉवेलही नको, भिजला की वाळत नाही. चाटी गल्लीतून पातळ सुती पंचा घे. स्वेटरसाठी सोलापूर पालथं घालू नकोस, शिमल्याच्या बाजारात हवे तेवढे मिळतात. इथून फक्त थर्मल, कानटोपी आणि वापरून मऊ झालेले बूट ने. कोरे बूट घालून डोंगरात जाऊ नये.

खाण्यात मात्र हात आखडू नकोस. कडक भाकरी आणि शेंगा चटणी! भाकरी दिवसेंदिवस टिकते, मोडून चटणीशी खाल्ली की जेवण झालं. चटणी सीलबंद पाकिटात नेऊ नकोस. काझा, म्हणजे स्पितीचं मुख्य गाव, सुमारे 3,650 मीटरवर आहे, वर हवेचा दाब कमी झाला की पाकीट फुगतं, फुटलं की तेल सगळ्या कपड्यांना. घट्ट झाकणाच्या डब्यात ने, डबा अगदी काठोकाठ भरू नकोस.

उंचीवरून आठवलं, जाताना शिमला-किन्नौरकडून जा. हिमाचलची एसटी हळूहळू चढते, शरीराला सवय होते. मनालीकडून एकदम वर गेलं की डोकं धरतं. त्यावरच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार.

पाळीचं सामान इथूनच पुरेसं घे, तिथल्या छोट्या गावांत मिळेल या भरवशावर राहू नकोस. बऱ्याच घरांत कोरडे, मातीचे संडास असतात, त्यात पॅड टाकायचं नाही. जुना पेपर आणि एक जाड पिशवी ठेव, गुंडाळून परत आणायचं. टॉर्चही लागेल, डोक्याला बांधायचा असला तर उत्तम.

रोख पैसे दोन ठिकाणी विभागून ठेव. थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून रात्री मोबाइल आणि पॉवर बँक पांघरुणात घेऊन झोप.

कुठल्या महिन्यात निघतेयस ते लिहिलं नाहीस. जून असेल तर थर्मलचा एक जोड पुरे, सप्टेंबरअखेर असेल तर दोन घे.