आमचा मोती, तुमचे प्रश्न : हार्टवर्मची महिन्याची गोळी

मागच्या अंकात पावसाळ्यातल्या गोचिडांवर लिहिलं आणि शेवटी जाता जाता एका ओळीत हार्टवर्मचं, म्हणजे डासातून कुत्र्याला होणाऱ्या एका जंताचं, नाव घेतलं, तीच ओळ अंगाशी आली. सगळी पत्रं त्याच ओळीवर. तेव्हा या वेळी मांजरं, ससे, पोपट सगळ्यांनी जरा थांबायचं.

प्रश्न : डॉक्टर, आमचं घर डिचोली तालुक्यात, मागं कुळागर (पोफळी-नारळाची बाग), त्यामुळं डास बारा महिने. टायगर गावठीच आहे, वजन १८ किलो. नवीन डॉक्टरांनी हार्टवर्मची गोळी दर महिन्याला द्यायला सांगितली. सासूबाई म्हणतात, दर तीन महिन्यांनी जंताची गोळी देतोच की, ही आणखी कशाला, नुसता धंदा. खरं काय?

उत्तर : ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, धंद्याचं मी रोज ऐकतो, मनावर घेत नाही. पण या दोन गोळ्या वेगळ्या आहेत. तीन महिन्यांची गोळी पोटातल्या जंतांसाठी, तिच्या पाकिटावर बहुतेक प्राझिक्वांटेल, पायरँटेल, फेनबेंडाझोल असलं काहीतरी लिहिलेलं असेल, आणि हार्टवर्म पोटात नसतोच मुळी.

तो येतो डासातून. आजारी कुत्र्याला डास चावला की रक्ताबरोबर हार्टवर्मची बारीक पिल्लं डासाच्या पोटात जातात, आपल्यासारख्या गरम हवेत दहा ते चौदा दिवसांत तयार होतात, आणि तोच डास मग तुमच्या टायगरला चावला की ती त्याच्या कातडीवर उतरून चाव्याच्या भोकातून आत शिरतात. पुढचे दोन-अडीच महिने कातडीखालून, स्नायूंमधून प्रवास करत करत फुफ्फुसाकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत पोचतात आणि तिथं वाढत राहतात. पूर्ण वाढलेली मादी २५ ते ३० सेंटीमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढी, पांढरी, आणि तिथं अशी दहा-वीस एकत्र असली की रसातल्या शिरवाळ्यांसारखी, म्हणजे तांदळाच्या शेवयांसारखी, दिसतात. (माफ करा, पण मी स्वतः फोटो बघितल्यापासून महिनाभर शिरवाळ्यांना हात लावला नव्हता, मग तुम्हीच का सुटावं.) कुत्र्याच्या अंगात हा जंत पाच ते सात वर्षं जगतो.

आता गोळीचं. लोकांना वाटतं गोळी दिली की पुढचा महिनाभर कुत्र्याभोवती कुंपण झालं, पण आहे ते उलटं. आज दिलेली गोळी मागच्या महिनाभरात जी पिल्लं अंगात शिरली त्यांना मारते. ती लहान आहेत तोवरच मरतात, पन्नास-साठ दिवसांच्या पुढं गेली की या गोळीला दाद देत नाहीत. म्हणून दर महिन्याला, तारीख न चुकवता.

आणि "फक्त पावसाळ्यात दिली तर?" हा प्रश्न पण चार जणांनी विचारलाय. हवा साधारण १४ अंशांच्या खाली गेली तर डासाच्या पोटातली ती वाढ थांबते, थंड देशात म्हणून हिवाळ्यात जरा उसंत असते. आपल्याकडं जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा २० च्या आसपास, आणि कुळागरात तर पाटाचं पाणी, नारळाच्या करवंट्या, पोफळीच्या पडलेल्या झावळ्या, डासांना बारमाही सोय.

खरं सांगायचं तर माझ्याकडं गोचीडतापाची कुत्री रोज येतात, हार्टवर्म क्वचित, आणि देशात त्याच्या नोंदी ईशान्येकडच्या राज्यांतून जास्त. तरी मी गोळी द्या म्हणतो, त्याचं कारण उपचार. मोठ्या झालेल्या जंतांवरचं औषध आर्सेनिकवालं, कमरेच्या स्नायूत खोल इंजेक्शन, तेही आपल्याकडं सहज मिळत नाही. आणि जंत मेले की त्यांचे तुकडे फुफ्फुसात अडकतात, त्यामुळं कुत्र्याला काही महिने धावू-उडू द्यायचं नाही. कुळागरातल्या टायगरला काही महिने बांधून ठेवून बघा आणि मग मला सांगा.

एकच करा, सुरू करायच्या आधी रक्ताची हार्टवर्म टेस्ट करून घ्या. सात महिन्यांच्या आतलं पिल्लू असतं तर टेस्टशिवाय लगेच सुरू करून मागाहून टेस्ट केली असती, पण मोठ्या कुत्र्याला आधी टेस्ट.

प्रश्न : आमच्याकडं कोविडच्या वेळच्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या पडून आहेत. नेटवर वाचलं की हार्टवर्मच्या गोळीत हेच औषध असतं. शेजारी तर गाईगुरांचं इंजेक्शनच कुत्र्याला देतो, म्हणतो गोचिडी पण जातात. आमचा ब्रुनो २० किलो, थोडा कॉलीसारखा दिसतो. देऊ का? (फोंडा)

उत्तर : नको. नको. आणि ब्रुनो कॉलीसारखा दिसतो म्हणताय म्हणून तिसऱ्यांदा नको.

त्या गोळ्यांची आठवण मला पण आहे, मे २०२१ मध्ये गोवा सरकारनं अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना पाच दिवस १२ मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन द्यायचं जाहीर केलं होतं आणि घराघरात ड्रॉवर भरले होते. आतापर्यंत एक्स्पायर झाल्या असतील, आधी तारीख बघा आणि टाकून द्या. पण समजा ताज्या असत्या तरी हिशेब बघा, म्हणजे मी का ओरडतोय ते कळेल. हार्टवर्म टाळायला आयव्हरमेक्टिन लागतं किलोला ६ मायक्रोग्रॅम. ब्रुनो २० किलो म्हणजे १२० मायक्रोग्रॅम. तुमच्या ड्रॉवरमधली गोळी १२ मिलिग्रॅम, म्हणजे १२,००० मायक्रोग्रॅम. बरोबर शंभर पट! गुरांच्या इंजेक्शनचं पण तेच, एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम, ब्रुनोचा डोस झाला ०.०१२ मिलिलिटर, इन्शुलिनच्या बारीक सिरिंजमध्येसुद्धा तो धड मोजता येणार नाही, शेजारी काय डोळ्यांनी मोजतो देव जाणे.

गावठी कुत्रा कधी कधी जास्तीचा डोस पचवतो, म्हणून शेजाऱ्याचं आजवर निभावलं असेल. पण कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या क्रॉसमध्ये बऱ्याच कुत्र्यांत एमडीआर-१ नावाच्या जीनमध्ये दोष असतो, त्यामुळं हे औषध मेंदूत शिरतं आणि तिथंच साठतं. मग डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात, लाळ गळते, चालताना झोकांड्या, पुढं कोमा. गंमत अशी की ६ मायक्रोग्रॅमचा तो खरा डोस याच कॉलीलासुद्धा चालतो. औषध एकच, फरक सगळा मापाचा.

दुकानात गेल्यावर पण नाव पूर्ण वाचायचं. नुसती नेक्सगार्ड किंवा ब्रॅव्हेक्टो ही गोचीड-पिसवांची गोळी, हार्टवर्मला तिचा उपयोग नाही. नेक्सगार्ड स्पेक्ट्रामध्ये मिल्बेमायसिन घातलेलं असतं, ती चालते. गोळी नको असेल तर मानेवर सोडायचे थेंब मिळतात, सेलामेक्टिनचे किंवा मॉक्सिडेक्टिनचे. ब्रँड कुठला पण घ्या, आत काय आहे ते वाचा, आणि कुत्र्याचं वजन अंदाजानं सांगू नका, काट्यावर उभं करा.

प्रश्न : चतुर्थीला गावी रत्नागिरीला गेलो, मग आईचं आजारपण, परत यायला दिवाळी उजाडली. मधल्या काळात दोन गोळ्या चुकल्या. आता दोन एकदम देऊ? (म्हापसा)

उत्तर : दोन एकदम द्यायच्या नाहीत. एक आज द्या, पुढं महिन्याच्या महिन्याला चालू ठेवा, आणि आजपासून सहा-सात महिन्यांनी टेस्ट करा. आजच केली तर फसाल, कारण टेस्ट पकडते ती मोठ्या झालेल्या मादीचा अंश, आणि मधल्या काळात डासातून काही आत गेलं असेल तर ते अजून लहान आहे, रिपोर्ट निगेटिव्हच येणार आणि तुम्ही निर्धास्त. आधीची टेस्टच कधी झाली नसेल तर मात्र गोळीच्या आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा.

माझंही असं झालंय, उगाच शहाणपणा सांगत नाही. घरातला कुत्रा डॉक्टरचा, आणि सलग दोन महिने गोळी विसरलो, कारण क्लिनिकमध्ये दिवसभर दुसऱ्यांना आठवण करून दिली की घरी आल्यावर आपलं काम झालं असंच वाटतं. सहा महिने जीव टांगणीला होता. तेव्हापासून आईनं काम आपल्याकडं घेतलंय, दर संकष्टीला मोत्याची गोळी. साधारण २९-३० दिवसांनी येते, कॅलेंडर बघावं लागत नाही, आणि आई संकष्टी विसरणं शक्य नाही.

प्रश्न : आमच्या कुत्रीला ताप होता म्हणून रक्त तपासलं तर स्लाइडवर मायक्रोफायलेरिया दिसले. शेजारचे म्हणाले हार्टवर्म, आता काही खरं नाही. घरात दोन लहान मुलं आहेत. (साखळी)

उत्तर : शेजाऱ्यांना जरा बाजूला ठेवा. मायक्रोफायलेरिया म्हणजे रक्तात फिरणारी जंतांची पिल्लं, पण ती कुठल्या जंताची हे नुसत्या स्लाइडवरून छातीठोक सांगणं अवघड. डायरोफायलेरिया इमिटिस म्हणजे खरा हार्टवर्म. त्याचा भाऊ डायरोफायलेरिया रेपेन्स, तो कातडीखाली राहतो, हृदयाकडं फिरकत नाही, आणि दक्षिणेकडं, केरळात वगैरे, हाच जास्त सापडतो. आणखी एक पिसवांमधून येणारा आहे, तो बिचारा सहसा काहीच करत नाही. तेव्हा पुढची पायरी म्हणजे अँटिजेन टेस्ट (मोठ्या मादीचा अंश पकडणारी, वर सांगितली तीच), आणि खोकला, लवकर दम लागणं, पोट फुगणं असं काही असेल तर छातीचा एक्स-रे आणि हृदयाची सोनोग्राफी. ताप बहुतेक गोचिडीचा असेल, ते पण तपासून घ्या. तोपर्यंत मनानं कुठलीही जंताची गोळी देऊ नका, रक्तात पिल्लं भरपूर असताना ती एकदम मेली तर कुत्री शॉकमध्ये जाऊ शकते.

मुलांचं म्हणाल तर कुत्रीला हात लावून, तिनं चाटून हे होत नाही, मध्ये डास लागतोच. माणसाला क्वचित होतो, केरळात डोळ्यातून रेपेन्स काढल्याच्या केसेस छापून आल्यात. मुलांना मच्छरदाणी लावा आणि कुत्रीला कुशीत घेऊ द्या.

प्रश्न : गोळीऐवजी भातात लसूण आणि संध्याकाळी कडुलिंबाचा धूर चालेल?

उत्तर : धूर घाला, डास कमी झाले तर तुम्हालाही बरं, पण गोळीचं काम धुरानं होत नाही. लसूण आजपासून बंद, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात त्यानं.

प्रश्न : गोळी तोंडात धरतो आणि पाच मिनिटांनी कोपऱ्यात थुंकतो. काय करू?

उत्तर : सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की गरम पोय, म्हणजे आपला गव्हाचा पाव, घ्या, आतला मऊ भाग काढून त्यात गोळी दाबा, आधी एक रिकामा घास द्या, मग गोळीचा, आणि तो गिळायच्या आत तिसरा घास नाकासमोर धरा, हावरटपणात मधला सरळ खाली जातो. त्यानंतर दहा मिनिटं नजर ठेवा. आमच्या मोत्यानं एकदा गोळी तेवढी तुळशीवृंदावनामागं नेऊन ठेवली होती, पोय खाल्ली.